कच्च्या फळीवर अनवाणी

आमच्या दुकानात चपला बाहेर काढाव्या लागतात. देवस्थान नव्हे, जबलपूरच्या गोहलपुरातलं लाकडाचं दुकान आहे. एका बाजूला वेल्डिंगवाला, दुसऱ्या बाजूला गाद्या भरणारा आणि मधोमध आमची पाटी. मोटारीतून उतरलेली माणसं दारातला हा नियम ऐकून आधी हसतात, मग आपल्या मोज्याला भोक आहे की काय ते आठवून बघतात. मोजेसुद्धा काढायला लावते मी. आत जमिनीवर हात-दीड हात लांबीच्या सात-आठ फळ्या मांडलेल्या असतात. सगळ्या कोऱ्या, पॉलिशचा थेंबही न लागलेल्या. त्यांच्यावर उभं राहायचं, चालायचं आणि मगच बोलायचं.

"दीदी, लकड़ी बेच रही हो कि पूजा करवा रही हो?" असं एका ठेकेदाराने मला विचारलं होतं. मी म्हटलं, "भैया, घर में इस पर आँख रखोगे कि पैर?" बिचाऱ्याने मुकाट्याने बूट काढले.

हा नियम माझ्या डोक्यातून निघालेला नाही. तो मला एका गिऱ्हाइकाने शिकवला आणि शिकवताना माझी चांगलीच जिरवली. त्याचीच गोष्ट सांगणार आहे. पण त्याआधी हा धंदा काय आहे ते दोन शब्दांत सांगते, कारण ‘लाकडी फरशी’ म्हटलं की आपल्या मराठी माणसाला एकतर नाट्यगृहाचा रंगमंच आठवतो, नाहीतर परदेशातल्या मुलाच्या घराचे फोटो.

माझे बाबा जबलपूरच्या एका सरकारी फॅक्टरीत लाकूड विभागात होते. दारूगोळ्याच्या पेट्या बनवायचे. पेटी उघडणाऱ्याचं लक्ष आतल्या मालाकडे, लाकडाकडे कोण बघतो? पण बाबा एकेक फळी नाकाशी धरून, उन्हात तिरकी करून बघायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे दुकान काढलं. मी वनस्पतीशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. "लग्न ठरेपर्यंत बस गल्ल्यावर," असं म्हणून त्यांनी मला बसवलं. लग्न ठरलं, झालं, माझी मुलगीसुद्धा सासरी गेली, आणि मी अजून बसलेलीच आहे. अठ्ठावीस वर्षं झाली.

फरशीचं लाकूड दोन तऱ्हेचं मिळतं. एक कंपनीचं तयार, पॉलिश होऊन डब्यात येणारं. डबा उघडा, जोडा, संपलं. दुसरं आमचं, कच्चं. रंधा मारलेली फळी, एका कडेला जीभ, दुसरीला खाच, बाकी अंगावर काही नाही. ती आधी तुमच्या घरात जोडायची, मग जागच्या जागी घासून सपाट करायची आणि शेवटी तुम्हाला हवं ते अंगाला लावायचं. त्रास जास्त, धूळ जास्त, दिवस जास्त. पण दहा वर्षांनी ओरखडे पडले तर पुन्हा घासा, पुन्हा नवी. तयार कपडा आणि शिंप्याचा कपडा, एवढाच फरक आहे, आणि मी शिंपी आहे हे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

कच्ची फळी निवडताना लोक रंग बघतात. रंग शेवटी बघायचा. आधी बघायचं लाकूड वाळलंय का. ओलं लाकूड घातलंत तर जबलपूरच्या मे महिन्यात ते आकसतं, फटीत नाणं जाईल एवढं. मग बघायचं, फळी झाडाच्या गाभ्यातली आहे की सालीजवळची. सालीजवळचं पांढुरकं लाकूड दिसायला गोरंगोमटं असतं, आणि भुंग्यालाही तेच आवडतं. रेषा सरळ आहेत की वेलबुट्टीसारख्या? वेलबुट्टी देखणी दिसते, पण सरळ रेषांची फळी कमी वाकते. घेतलेला माल तीन आठवडे तुमच्याच घरात, ज्या खोलीत घालायचा तिथेच रचून ठेवायचा. घराच्या हवेची सवय होऊ द्यायची. नव्या सुनेला लगेच कामाला जुंपू नये, हे बाबांचं म्हणणं. आणि भिंतीपाशी चारी बाजूंनी बोटभर जागा सोडायची. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला सरकायला जागा नको?

तऱ्हेवाईक गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली. बीजा नावाचं आमच्याकडचं एक लाकूड आहे. त्याच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी मधुमेहाचे लोक पितात. एक गृहस्थ आले, म्हणाले, सगळ्या घरात बीजाच घाला, त्यावर चालल्याने साखर उतरते का? मी म्हटलं, चालल्याने नक्की उतरेल, मग बीजावर चाला नाहीतर डांबरी रस्त्यावर.

आणखी एक आपल्यातलंच कुटुंब. मुहूर्त टळू नये म्हणून पॉलिशच्या आधीच कोऱ्या सागवानावर वास्तुशांत उरकून घेतली. चाळीस बायकांचं हळदीकुंकू! मी पोचले तेव्हा अख्ख्या हॉलला हळद लागलेली. कोरं लाकूड सगळं पितं, तेल, चहा, हळद, काहीही. दोनदा घासलं तेव्हा कुठे डाग गेले. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला बजावते, कच्ची फरशी निवडा जरूर, पण ती कच्ची ठेवता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण याच वाक्याच्या आड मी पुढे लपले होते.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. विजय नगरला नवं घर घेतलेला मिलिंद घाटे वडिलांचा हात धरून दुकानात आला. घाटेकाका रेल्वेत डब्यांची तपासणी करायचे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. उंच, ताठ, इस्त्रीचा शर्ट, आणि उजव्या मनगटावर नुकतंच प्लास्टर काढल्याचा पांढरा पट्टा.

मिलिंदने हकिकत सांगितली. जुन्या घरात काका न दिसताही एकटे हिंडायचे. नव्या घरात चकचकीत टाइल्स. पहिल्याच आठवड्यात घसरले, मनगट मोडलं. तेव्हापासून खुर्चीत बसले ते बसलेच. बाथरूमला जायचं तर कोणीतरी हात धरायचा. दीड-दोन महिने झाले होते.

"ताई, कुछ मऊ द्या, न घसरणारं," मिलिंद म्हणाला. "पडले तरी लागायला नको."

"पाहा," काका माझ्या दिशेने वळून म्हणाले, "माझं पडणं आधीच ठरवून राहिले हे लोक."

मला हसू आलं. मी त्यांना खुर्ची दिली आणि नमुन्याच्या फळ्या एकेक हातात देऊ लागले. त्यांनी दोन-तीन चाचपल्या आणि परत केल्या. "बाई, हातानं कळून नाही राहिलं. खाली ठेवा." मी खाली मांडल्या. त्यांनी चपला काढल्या, मिलिंदचा खांदा धरला आणि एकेका फळीवर उभे राहिले. टाच टेकवून, मग बोटं, मग पाऊल थोडं पुढे सरकवून. सागवानावर थांबले. साल झाडाच्या फळीवर थांबले, आमच्याकडे त्याला सरई म्हणतात, जड आणि खरखरीत. बीजावर परत आले. माझ्या दुकानात इतकी वर्षं कोणी असं लाकूड बघितलं नव्हतं.

मग म्हणाले, "हातोडी आहे का? लहानशी?"

आमचे मिस्त्री शफीकभाई माझ्याकडे बघायला लागले. शफीकभाई बाबांच्या वेळचे, रंधा मारण्यात जबलपुरात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, आणि ते त्यांना स्वतःलाही माहीत आहे. त्यांनी हातोडी दिली. काकांनी सांगितलं, गाडी स्टेशनात थांबली की ते प्रत्येक चाकावर हातोडी मारून ऐकायचे. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं. चीर गेलेलं चाक ‘बद्द’ बोलतं. छत्तीस वर्षं त्यांनी चाकं ऐकली होती. आता ते माझ्या फळ्या ऐकायला लागले. एक, दोन, तीन ठीक. चौथी माझी लाडकी होती, चांगली रुंद सागवानी फळी, अंगावर ज्वाळांसारख्या रेषा. खास माणसांसाठीच मी ती बाहेर काढायची.

"ही बोलून नाही राहिली," काका म्हणाले.

मला राग आला. ओलावा मोजायचं यंत्र आहे माझ्याकडे, दोन सुया टोचल्या की आकडा दाखवतं. मी टोचल्या. आकडा अगदी योग्य. मी आकडा मोठ्याने वाचून दाखवला, जरा जास्तच मोठ्याने. काकांनी मान हलवली, वाद घातला नाही. शफीकभाई मात्र फळी घेऊन आत गेले आणि टोकाकडून चार बोटं कापून आणली. कापल्या जागी आत केसाएवढी चीर, फळीच्या पोटात लांब गेलेली.

"उस्ताद हैं आप," शफीकभाई म्हणाले. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी मला कधी उस्ताद म्हटलेलं नाही.

मग निवड सुरू झाली. मी म्हटलं, सगळ्या घरात सागवान घालू, एकसारखं दिसेल. काका म्हणाले, "एकसारखंच तर नको आहे मला. जुन्या घरी दगडी फरशी होती. मोरीपाशी एक कोपरा तुटलेला, स्वयंपाकघरापाशी खळगा, देवापाशी दगड गुळगुळीत. पायाला सगळं ठाऊक होतं. नव्या घरी जिकडे पाय टाका तिकडे तेच ते. उभा कुठे आहे तेच कळून नाही राहिलं, तर चालू कसा? आगगाडीत डोळे मिटून बसा तुम्ही. पूल आला की कळतं ना? तसं करा."

तेव्हा मला कळलं की हा माणूस पडण्याला घाबरलेला नव्हता. तो हरवला होता. आणि त्याला घरात परत आणायचं काम माझ्याकडे आलं होतं.

आम्ही तिथेच खडूने नकाशा काढला. काकांच्या खोलीत रुंद सागवान, रेषा पलंगाकडून दाराकडे जाणाऱ्या. खोलीबाहेरच्या बोळात बीजाच्या अरुंद पट्ट्या, लांबीच्या दिशेने, म्हणजे पाय आपोआप पुढे जाईल. हॉलमध्ये सरई. आणि प्रत्येक दाराच्या पाऊलभर आधी एक आडवी पट्टी. "सिग्नल," काका म्हणाले. मिलिंदची बायको रुची तोवर येऊन बसली होती. तिचं माहेर पनागरचं, बोलणं हिंदी, मराठी सगळी समजते. ती हळूच म्हणाली, "इतने सब रंग एक साथ अजीब नहीं दिखेंगे?"

"मला तर फारच चांगले दिसतील," काका म्हणाले आणि स्वतःच मोठ्याने हसले.

माल त्यांच्या घरी तीन आठवडे रचून ठेवला. काका खुर्ची त्या थप्प्यांजवळ ओढून बसायचे. वासावरून कुठली थप्पी कशाची ते सांगायचे. मग टाइल्सवर रिपा ठोकल्या, त्यावर फळ्या बसवल्या, सगळी दारं खालून रंधून तेवढी आखूड केली. पहिली घासाई झाली. त्यानंतर मी फरशी आठ दिवस तशीच कोरी सोडते. लाकूड जरा जागा घेतं, काही वर-खाली व्हायचं असेल तर तेव्हाच होतं. रुचीला बजावलं, हळद-तेल सांभाळ.

पाचव्या दिवशी सकाळी मिलिंदचा फोन. त्याला बोलताच येईना. मला वाटलं, काका पडले. "नाही ताई," तो म्हणाला, "बाबा व्हरांड्यात आहेत. एकटे गेले."

मी स्कूटर काढून तशीच गेले. काकांनी मला मुद्दाम पुन्हा चालून दाखवलं. पलंगावरून उठले, सागवान, आडवी पट्टी, बीजाचा बोळ, आडवी पट्टी, सरई, शेवटची पट्टी आणि व्हरांडा. तिथे कढीपत्त्याची कुंडी होती. तांब्याने तिला पाणी घातलं. थेंब बाहेर नाही. मिलिंद भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि रुची हसत हसत डोळे पुसत होती. मी हा धंदा का करते असं मला कोणी विचारलं तर मी ही सकाळ सांगते.

परत येताना काका म्हणाले, "बाई, आता ह्याच्यावर फार काही लावू नका."

मी म्हटलं, "तुम्ही काही काळजी करू नका काका. असं काम करून देते की लोक बघायला येतील."

इथे माझं चुकलं. त्या सुमारास विजय नगरला तयार फरशीचं एक मोठं चकाचक दुकान उघडलं होतं. तिथला माणूस गिऱ्हाइकांना सांगायचा म्हणे, गोहलपुरचं काम म्हणजे खेड्यातलं काम. ते माझ्या मनात सलत होतं. घाट्यांचं घर तर विजय नगरात, त्याच्याच नाकासमोर. दाखवतेच त्याला, असं मी ठरवलं. पॉलिशच्या वासाचा त्रास नको म्हणून घरचे सगळे दहा दिवस पनागरला रुचीच्या माहेरी गेले. आणि माझे हात मोकळे झाले.

रेषांमधली बारीक भोकं मसाल्याने भरून टाकली. सांधे भरले. तीन लाकडांचे तीन रंग डोळ्याला खटकतात म्हणून रंग देऊन सगळं एका छटेवर आणलं. बारीक पॉलिशपेपर, मग हात, पुन्हा पेपर, पुन्हा हात, असे सहा हात. शफीकभाई एकदा म्हणाले, "दीदी, बुजुर्ग ने कम लगाने को कहा था।" मी म्हटलं, कच्चं तर ठेवता येत नाही ना? हळदीचा किस्सा विसरलात का? शेवटच्या दिवशी फरशीत छताचा पंखा दिसत होता. शपथेवर सांगते, इतकं सुंदर काम मी आधी केलं नव्हतं आणि नंतरही केलेलं नाही.

मंडळी परत आली. रुची दारातच "अरे बाप रे, शीशे जैसा!" म्हणून ओरडली. मिलिंद फोटो काढायला लागला. काकांनी चपला काढल्या. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. थांबले. उजवं पाऊल हळूच डावी-उजवीकडे फिरवलं, पलंगाखाली गेलेली वहाण आपण पायाने शोधतो तसं. आणखी एक पाऊल, पुन्हा तेच.

"मिलिंद," ते म्हणाले, "हात दे रे."

आणि मग माझ्याकडे, जिथे मी नव्हते त्या दिशेला तोंड करून, अगदी सौम्यपणे म्हणाले, "बाई, काम फार सुंदर झालं असणार. सगळे म्हणून राहिले. पण मला माझं दार सापडून नाही राहिलं."

करायला गेले काय आणि वरती झाले पाय. लाज वाटली, पण खरं सांगायचं तर आधी राग आला. एवढे सहा हात! मी मनातल्या मनात वकिली सुरू केली. सवय होईल. कच्चं ठेवलं असतं तर डाग पडले असते. दहा कारणं होती माझ्याकडे आणि दहाही खरी होती. दुकानात येऊन मी ती सगळी शफीकभाईंना ऐकवली. ते पटाशीला धार लावत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दीदी, हमने फ़र्श नहीं बनाया, आईना बना दिया। उनके किस काम का?"

तीन दिवसांनी मी गेले तेव्हा मिलिंद म्हणाला, राहू द्या ताई, आता पुन्हा कुठे धूळ. त्याला बिचाऱ्याला संकोच होता. रुचीला तर ती चकाकी मनापासून आवडलेली. पण तीच पुढे आली. "उतार दीजिए दीदी," म्हणाली. "बाबा ने तीन दिन से कढ़ी पत्ते को पानी नहीं दिया।"

काका त्यांच्या खुर्चीत बसले होते. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, "काका, तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मी तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी काम केलं." अठ्ठावीस वर्षांत असं वाक्य मी गिऱ्हाइकाला एकदाच म्हटलं आहे.

ते म्हणाले, "अच्छा. मग आता काय करायचं? मीही बसून बसून कंटाळलो. मलाही घ्या कामावर."

यंत्राने घासलं असतं तर वरचं पॉलिश गेलं असतं, पण रेषांत भरलेला मसाला तसाच राहिला असता. म्हणून हाताने करायचं ठरलं. धारदार पोलादी पात्याने पॉलिश खरवडायचं, मग तारेच्या ब्रशने रेषेच्या दिशेने घासून एकेक रेषा मोकळी करायची. मी आणि शफीकभाई गुडघ्यांवर, आणि काका पाटावर. झालेल्या जागेवरून ते तळहात फिरवायचे. पसंत पडलं तर खडूने बरोबरची खूण करायचे, तपासलेल्या डब्यावर करायचे तशी. नाही पडलं तर नुसतं "परत" म्हणायचे. माझ्या कामाला त्यांनी चौदा वेळा परत म्हटलं, शफीकभाईंच्या कामाला दोनदाच. शफीकभाई हे अजूनही सगळ्यांना सांगतात. हातोडीने वाजवून काकांनी बोळातल्या दोन फळ्या खालून पोकळ असल्याचं काढलं, त्या उचलून पुन्हा बसवल्या. दाराजवळची एक आडवी पट्टी मी आधीच घासून घासून इतकी सपाट केली होती की ती पायाला लागेचना. ती बदलली.

बारा दिवस लागले. शेवटी वर काही चढवायचं नाही, आत जिरवायचं, असं ठरवून जवसाचं तेल फडक्याने चोळलं. दोन वेळा, पातळ. जास्तीचं लगेच पुसून घेतलं. लाकूड तेल पितं आणि मग हळदीला आत जागा राहत नाही, निदान फार राहत नाही. चकाकी शून्य. तीन लाकडांचे तीन रंग परत वर आले. त्या चकाचक दुकानातल्या माणसाला दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

माझी एक खंत मात्र गेली नाही. त्याआधी इतकी वर्षं मी घरोघर आरसे बसवून आले. त्या घरांत म्हातारी माणसं होती, पोटुशी बायका होत्या, नुकतं चालायला लागलेली पोरं होती. कोणी काही बोललं नाही. काम सुंदर होतं ना, मग कोण बोलणार? आता कोणी नव्या फरशीची चौकशी करायला आलं की मी पहिला प्रश्न विचारते, घरात कोण कोण आहे? लाकडाचं नाव त्यानंतर.

गेल्या पाडव्याला फराळाचा डबा घेऊन घाट्यांकडे गेले. मिलिंद-रुची पनागरला गेलेले, हे मला माहीत नव्हतं. बेल वाजवली आणि दाराशी उभी राहिले. आतून पावलं ऐकू आली. आधी बीजाच्या पट्ट्यांवरची, हलकी, टपटप. मग अर्धा क्षण थांबली, आडवी पट्टी. मग सरईवरची, जड आणि बसकी, एकामागून एक, कुठेही न चाचपडता. मी दाराला कान लावून उभी होते. इतक्या वर्षांत लाकूड नाकाने हुंगलं, डोळ्याने तपासलं, यंत्राने मोजलं. असं ऐकत मात्र पहिल्यांदाच होते. पुन्हा पट्टी. कडी निघाली.

"कोण?"

"मी काका, लाकूडवाली. गोहलपुरची."

"अच्छा, अच्छा! मग बाहेर काहून उभ्या? चपला काढा अन् या आत. घरी कोणी नाही, चहा मीच करून राहिलो."